आभार वाघाचे

थंडी पडली की शहरांतल्या बागांत दोन पाहुणे उतरतात. पक्षी हिमालयापलीकडून येतो, लेन्स हप्त्यावर. एवढ्याशा माशीमाराभोवती ट्रायपॉडांचा वेढा पडतो. दर्शन लांबलं तर मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवायची. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो बिचारा किडे टिपायचं सोडून भांडायला येतो. लगेच फोटो, खाली ओळ : ‘निसर्गाच्या सान्निध्यात’.

असा वेढा फारसा न पडणारी जागाही आहे. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्यापासून जवळच, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते तिथे १९८६ पासून चपराळा अभयारण्य आहे. नदी, दलदल, साग, पाणपक्षी सगळं आहे. पण नागपूरहून निघालेल्या बहुतेक लेन्सा ताडोब्याच्या वाघांपाशीच अडकतात. चपराळ्याच्या पक्ष्यांनी त्या वाघांना एखादं मानपत्र द्यायला हरकत नाही.