उभ्या बोटीवर सोळाचा पाढा

मांडवी एक्सप्रेस पळते आणि मांडवीतली बोट जागची हलत नाही, अशी आमच्या प्रवासाची गंमत होती. पणजीच्या कॅसिनोबोटी नदीत नांगर टाकून उभ्या असतात. गोव्याचा कायदाच तसा आहे: जमिनीवर पंचतारांकित हॉटेलात यंत्रांशी खेळा, खरे पत्ते आणि खरा डीलर हवा असेल तर पाण्यावर या. गोव्याच्या रहिवाशांना खेळायला बंदी. हा पाहुणचार फक्त पाहुण्यांना. महाराष्ट्रानेही 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो अंमलात कधी आणलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. कायद्याला इतकं निवांत आयुष्य क्वचितच मिळत असेल.

बरोबर आत्या होती. निवृत्त गणित शिक्षिका, रमी आणि मेंढीकोटात मुरलेली. ब्लॅकजॅकला यायचं तिने कबूल केलं, पण "अभ्यास करून जायचं" या अटीवर. पनवेल सुटलं तसा तिने सीटवर पेपर पसरला आणि पत्ते पिसले.

एकवीसच्या जवळ जायचं, पुढे गेलं की मेलं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गोम डीलरमध्ये आहे. त्याचं एक पान उघडं असतं आणि त्याला स्वतःची अक्कल वापरायची परवानगी नसते. सोळापर्यंत पान ओढायचंच, सतरा झाले की सहसा थांबायचंच. "म्हणजे परिपत्रकावर चालणारा माणूस," आत्या म्हणाली, "याच्याशी जमेल." त्याच्यासमोर दुर्री ते छक्की दिसली की तो ओढता ओढता फुटायची शक्यता बरी, आपण तेरा-चौदावर गप्प बसायचं. सत्ती किंवा वरचं पान दिसलं की सतरा होईपर्यंत ओढायचं. अठ्ठ्यांची जोडी फोडायची, दश्श्यांची कधीच नाही. आणि डीलरला एक्का आला की तो विमा देऊ करतो, तो घ्यायचा नाही. समोरच्या सीटवरचे गृहस्थ विमा एजंट निघाले. ते चिपळूणपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तोंडी परीक्षा सुरू झाली.

"बारा. समोर तिर्री."

"थांबायचं."

"ओढायचं! बारावर थांबायचं ते फक्त चौकी, पंजी, छक्कीसमोर."

तिसऱ्या फेरीला कटलेटवाला माझ्याआधी उत्तर देऊ लागला.

हा सगळा तक्ता अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी बसवला: बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडर्मॉट. मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनच्या तळावर फावल्या वेळात टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर त्यांनी हिशेब केला आणि 1956 साली तो अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापला. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने मोठा संगणक जुंपून तो तपासला, वर पानं मोजायची युक्ती काढली आणि 1962 मध्ये पुस्तक लिहून कॅसिनोंची झोप उडवली. आत्याला थॉर्पचं अप्रूप नव्हतं. फार हुशारी करणारी मुलं तिला वर्गातही आवडत नसत. तिचा जीव त्या चौघांवर.

आणि त्यांच्या तक्त्यातही सोळासमोर दश्शी या एका घरावर. ओढलं तरी बहुधा हरायचं, थांबलं तरी बहुधा हरायचं. ओढून किंचित कमी हरायचं, म्हणून ओढायचं. टेबलाचे नियम बरे असतील आणि तक्ता तंतोतंत पाळला, तर शंभराच्या पणामागे सरासरी पन्नासेक पैसे जातात. "म्हणजे हळूहळू हरायची विद्या आहे ही," मी म्हणालो. "मग? जेवण तिकिटात आहे ना?" आत्या म्हणाली. "तोवर बसायला जागा नको?"

छोट्या लाँचने बोटीवर पोचलो. सगळ्यांत स्वस्त टेबल गाठलं. तिथे बोलून भागत नाही, वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून खुणा कराव्या लागतात: बोटाने कापड खरवडलं की पान, तळहात आडवा हलवला की पुरे. पानांना हात लावायचा नाही. हातातली पानं लावत आयुष्य गेलेल्या बाईला ही शिक्षाच. तिने दोन्ही हात पर्सवर घट्ट धरून ठेवले आणि एकच तर्जनी मोकळी ठेवली.

शेवटच्या खुर्चीवर हिरव्या सफारीतले एक गृहस्थ मनाला येईल तसे खेळत होते आणि जिंकत होते. आत्याने बारावर, समोर दुर्री असताना, पान ओढलं. राणी आली. डीलरचे एकवीस झाले. "मावशी, तुम्ही ते पान घेतलंत म्हणून!" ते कळवळले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांना दोन राजे आले, समोर छक्की. वीस घेऊन स्वस्थ बसायचं सोडून त्यांनी राजे फोडले, दुसरा पण लावला. डीलर फुटला, दोन्ही हात त्यांचे.

"उत्तर आलं, रीत चुकली," आत्या म्हणाली. "अर्धे गुण."

चिप्सचा ढीग ओढत गृहस्थ वळले. "मग तुमच्या रीतीने किती आले?"

आत्याने पर्स बंद केली, बुफेकडे नजर टाकली आणि उठता उठता म्हणाली, "कमी गेले."