पाच दिवसांची श्वेतपत्रिका

घोटाळे उघडकीस येत नाहीत अशी आपली तक्रार नाहीच. उघडकीस आल्यावर पुढे जे होतं, त्याने डोकं फिरतं.

कुलाब्याची ‘आदर्श’ सोसायटी घ्या. 31 मजले, पुरावा बघायला भिंग नको, नुसती मान वर करायची. 2010 साली तिच्यापायी अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं. आयोग बसला. (आयोग बसतोच, उठायला वेळ लागतो.) त्याने 25 सभासद अपात्र ठरवले, तर सरकारने 2013 मध्ये अहवालच फेटाळला. मग राहुल गांधींनी जाहीर नापसंती दाखवली आणि त्याच मंत्रिमंडळाला तो थोडाफार पटला! 2016 मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, पाडा; सर्वोच्च न्यायालय म्हणालं, थांबा. 2017 मध्ये चव्हाणांवर खटला भरण्याची राज्यपालांची मंजुरी उच्च न्यायालयाने रद्द केली, हेही सांगायलाच हवं.

पण खरी बहार 2024 च्या फेब्रुवारीत. 8 तारखेला केंद्र सरकारने यूपीएच्या कारभारावर श्वेतपत्रिका मांडली. घोटाळ्यांच्या यादीत ‘आदर्श’ होतंच. 13 तारखेला चव्हाण भाजपमध्ये. दुसऱ्या दिवशी राज्यसभेची उमेदवारी. इतक्या झपाट्याने आमच्याकडे रेशनकार्डावरचा पत्ताही बदलत नाही.

काँग्रेसवाल्यांनी यावर फार नाक मुरडू नये. अहवाल फेटाळणारं सरकार त्यांच्याच आघाडीचं होतं. आणि भाजपवाल्यांनी एवढं तरी करावं: पुढची श्वेतपत्रिका छापण्याआधी प्रवेशाच्या रांगेत कोण उभं आहे ते विचारून घ्यावं. कागद तरी वाचेल.