साहेब तिरके होतात

महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी चित्रं कुठल्याही कलादालनात नाहीत, ती चौकात आहेत. वीस बाय तीस फुटांचं चित्र, बघायला तिकीट नाही आणि उद्घाटनाला पाहुणा लागत नाही, कारण पाहुणा चित्रातच हात जोडून उभा असतो. सातारा-सांगलीकडे ‘या वाढदिवसाला डिजिटल लावलं का?’ असं विचारतात, तेव्हा याच फ्लेक्सच्या कलेची चौकशी चाललेली असते. चित्रकाराची सही मात्र कुठेच नसते. कोपऱ्यात फार तर छापणाऱ्याचा मोबाईल नंबर असतो, तोही साहेबांच्या चपलेखाली.

आमच्या गावचा असा एक चित्रकार झेरॉक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बसतो. गेल्या महिन्यात त्याचा माऊस बिघडला. हे संकट तालुक्यावर केवढं मोठं होतं, याचा पंचायत समितीला पत्ताच नव्हता.

बिघाड साधा होता. बटण एकदा दाबलं की दोनदा लागायचं. तुम्हाआम्हाला त्याचं काही वाटणार नाही. फार तर न मागता एखादी फाईल उघडेल. पण फलक जुळवायच्या कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर एकदा क्लिक केलं की फोटो निवडला जातो, आणि पुन्हा क्लिक केलं की त्याच्याभोवती गोल फिरवायचे बाण येतात. त्यामुळे साहेबांना कोपऱ्याला धरून जरा मोठं करायला जावं, तर साहेब तिरके. सरळ करावेत, तर पुन्हा तिरके. मिशीची गत त्याहून वाईट. कोरलमध्ये रेषेवरच्या बिंदूवर डबल क्लिक केलं की तो बिंदू उडतो. जिल्हा परिषदेच्या एका सदस्यांची झुपकेदार मिशी सरळ करता करता अशी बिंदूबिंदूने उडाली आणि शेवटी ओठावर नुसती एक शंका उरली. पण कळस गाठला तो माजी आमदारांनी. त्यांना वरच्या रांगेत ओढून नेत असताना ते मध्येच हातातून सुटले आणि थेट खाली, शुभेच्छुकांत, बूथप्रमुखांच्या शेजारी जाऊन पडले. इतक्या सफाईने हे पक्षश्रेष्ठींनाही जमत नाही.

‘नवा घे की! तीनशे रुपयांत येतो,’ हा सल्ला गावाने एकमुखाने दिला. ग्रामसभेत असं एकमत मी कधी पाहिलेलं नाही. एका कार्यकर्त्याने तर स्वखर्चाने वायरलेस माऊस आणून दिला. आतून निळा-लाल उजेड मारणारा होता. तो थोडा वेळ हात काढला की झोपी जायचा आणि हलवून उठवल्यावर कामाला लागायला वेळ घ्यायचा. या स्वभावाची मंडळी पक्षात आधीच पुष्कळ असल्यामुळे तो परत गेला. मग कोणीतरी पुण्याच्या भाच्याचा पेन टॅब्लेट सुचवला. त्यावर चित्रकार म्हणाला, ‘पेन उचललं की बिंदू हलतो. माऊस ठेवला तिथं बसतो. मला चित्र नाही काढायचं, मला साहेबांचे केस कापायचेत.’ हा युक्तिवाद बिनतोड आहे. फोटोतल्या माणसाची पार्श्वभूमी काढायची म्हणजे एकेका बटेभोवती बिंदू ठोकत जायचं. हात थरथरला की कान गेला.

हा बिघडलेला माऊस मी जवळून पाहिला आहे. हिरव्या गोल पिनेचा, वायरचा, कंपनीचं नाव पुसट झालेला. तर्जनी टेकते तिथे प्लास्टिक आरशासारखं गुळगुळीत झालंय. बाजूचं रबर जुनं होऊन चिकट झालं, तेव्हा ते खरवडून काढून त्या जागी डॉक्टरी पट्टी गुंडाळली आहे. खालचे टेफ्लॉनचे पाय झिजले, तर तिथे फ्लेक्सचेच चार तुकडे कापून चिकटवलेत. त्यातल्या एका तुकड्यावर कुणाचा तरी डावा डोळा अजून शाबूत आहे.

आणि या माऊसची कामगिरी? कपाळावरच्या आठ्या गेल्या, हनुवटीखालची दुसरी हनुवटी गेली, पांढरे झालेले केस काळे झाले, कळकट झालेले कपडे पांढरे झाले. पक्ष बदलला की गळ्यातलं उपरणं त्याच रात्री बदललं. तालुक्याच्या समग्र नेतृत्वाची डागडुजी ज्याने केली, त्या माऊसची डागडुजी करायची म्हटल्यावर गाव हसलं.

हा उपेक्षेचा वारसा माऊसच्या घराण्यातच आहे म्हणा. डग्लस एंगेलबार्ट यांच्या डोक्यातून निघालेला पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल इंग्लिश यांनी बनवला. लाकडी खोका, खाली धातूची दोन चाकं, वर एकच बटण. तो बिघडला असता तर निदान सुताराने तरी हात लावला असता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत त्याचं प्रात्यक्षिक झालं. १९७० मध्ये पेटंट मिळालं, ते संस्थेच्या पदरात पडलं, आणि पुढे जगभर माऊस खपले तरी एंगेलबार्ट यांना रॉयल्टीचा छदामही मिळाला नाही. ते आमच्या तालुक्यात जन्मले असते तर शुभेच्छुकांच्या रांगेत त्यांचा पासपोर्ट साईज फोटो तरी लागला असता. अर्थात, वर्गणी भरल्यावर.

तर आपल्या माऊसला झालं होतं काय? बटणाखाली नखाएवढा एक स्विच असतो. त्याच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी. दाबली की ती टक् करून उडी मारते आणि समोरच्या टोकाला टेकते. टेकताना क्षणभर थरथरते, तेव्हा काही मिलिसेकंदांच्या या थरथरीकडे माऊसमधली चिप काणाडोळा करते. पुढे पट्टी थकते, टोकावर मळ बसतो, थरथर लांबते, आणि मग चिप एकाच दाबाची दोन मतं मोजते. हा प्रकार आपल्याकडे अगदीच नवा नाही, पण माऊसच्या बाबतीत त्याला दोष समजतात. साधा स्विच एक कोटी दाब सोसतो असं बनवणारे सांगतात, नव्या स्विचवर आठ कोटीचाही दावा असतो. आमच्या माऊसची एक कोटी कधीच उलटली असणार. एका लग्नसराईत आणि एका नगरपालिकेच्या निवडणुकीत माणूस किती क्लिक करतो, हे पोटमाळ्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिकडच्या बाईंनी मॉडेल नंबर विचारला, गाणं ऐकवलं आणि मग अत्यंत मृदू आवाजात सांगितलं, ‘सर, हे प्रॉडक्ट एंड ऑफ लाईफ आहे.’ निवडणुकीत पडलेल्या माणसालाही आपण असं बोलत नाही. त्याला महामंडळ देतो.

सरकारचं म्हणाल तर सरकार मागे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, वाहनं, घरगुती उपकरणं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळं येतं. तिथे जायला फक्त एक क्लिक करावं लागतं. चित्रकाराने एक केलं आणि पोर्टल दोनदा उघडलं.

इकडे दिवस भरत आलेले. साहेबांचा वाढदिवस तोंडावर, बावीस गावांचे फलक बाकी. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी खरमरीत निकाल दिला आहे, तोही साताऱ्याच्याच एका संस्थेच्या याचिकेवर. फलकाला परवानगी लागते हे त्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. साहेब प्रत्येक फलकावर हात जोडून उभे असतात, ते बहुधा तीच मागत असावेत.

अखेर शेजारच्या गाळ्यातला मोबाईल रिपेअरिंगवाला पोरगा वर आला. त्याने फ्लेक्सचे तुकडे नखाने सोलले, त्या डोळ्याचाही, कारण स्क्रू त्यांच्याखाली दडलेले होते. कव्हर उघडल्यावर आतून निघालं ते असं: सुपारीचा चुरा, चाकाला गुंडाळलेले केस, आणि मागच्या विजयी मिरवणुकीचा गुलाल. तो कुठल्या पक्षाचा, ते रंगावरून सांगता येत नाही. पोरगा म्हणाला, ‘दादा, नवा स्विच मागवला तर पंधरा-वीस रुपयाचा आहे, पण यायला चार दिवस. त्यापेक्षा उजव्या बटणाचा काढून डाव्याला लावतो. उजवं कोण दाबतंय?’

सोल्डरचा धूर निघाला. डावीकडचा स्विच उजवीकडे गेला, उजवीकडचा डावीकडे आला. ना राजीनामा, ना चौकशी, ना शपथविधी. चहा यायच्या आत उरकलं. चित्रकाराने श्वास रोखून साहेबांवर क्लिक केलं. साहेब सरळ राहिले. माजी आमदारांना शुभेच्छुकांतून उचललं आणि वर नेलं. ते गेले. उजवं बटण आता एकदा दाबलं तरी दोनदा लागतं, पण ते नुसता मेनू उघडतं, त्याने कुणाचं पद जात नाही.

‘किती झाले रे भावा?’ चित्रकाराने खिशात हात घातला.

पोरगा लाजला. पैसे नकोत म्हणाला. मग मोबाईल काढून स्वतःचा एक फोटो दाखवला. ‘वीस तारखेला वाढदिवस आहे, दादा. आठ बाय दहा, एकच. वर साहेबांचा छोटा, मधी माझा मोठा. खाली ‘युवा उद्योजक’ टाका, आणि बारीक अक्षरात ‘भावी नगरसेवक’.’

चित्रकाराने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, माऊस हातात धरला आणि फोटो मोठा केला.

‘आणि दादा,’ पोरगा मागून वाकून म्हणाला, ‘ही हनुवटी जरा बघा की.’