जाहिरात वाचली का?

भरतीची जाहिरात निघाली की तासाभरात गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरते. अर्ज भरायला सायबर कॅफेत गर्दी होते. पीडीएफ मात्र कुणी उघडलेली नसते.

मग घोळ कुठे होतो? नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि नावबदलाचं राजपत्र काढलेलंच नाही. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवलेली मुलगी कागदपत्र पडताळणीच्या टेबलावरून रडत परत फिरते. अभ्यास कित्येक महिन्यांचा, घात एका कागदाने!

अर्ज कॅफेवाला भरतो. नाव, प्रवर्ग, जन्मतारीख स्वतः तपासल्याशिवाय त्याला 'सबमिट' दाबू देऊ नका. अपात्र तो ठरत नाही.

खासगीत एकच सीव्ही सगळीकडे. हिंजवडीच्या कंपनीला धाडलेल्या पत्रात नाव खराडीच्या कंपनीचं. पुढचं कोण वाचेल?

अनुभव नसेल तर तोही विकत मिळतो. पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं. पण पीएफचा बारा अंकी यूएएन २०१४ पासून आहे. कुठे कधी लागलात, कधी सोडलंत, ते त्या खात्यात दिसतं आणि पडताळणीत कंपन्या तेच मागतात. लागलेली नोकरीही जाते.

फ्रेशर असणं गुन्हा नाही. खोटं पत्र दाखवणं आहे.

मुलाखतीत विचारतात, "प्रोजेक्टमध्ये काय केलंस?" उत्तर येतं, "आम्ही ॲप बनवलं." आम्ही म्हणजे कोण? चौघांत तुझ्या वाट्याला काय आलं? लॉगिन का अडकत होतं, ते कसं शोधलंस, एवढं नीट सांगितलंस तरी समोरचा कान देऊन ऐकतो. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. पाठांतर लगेच कळतं.

आणि सरकारी भरतीतली सगळ्यात महाग चूक म्हणजे एजंट. "मुलाखतीत सेटिंग करून देतो, साहेब आपलेच आहेत." बाप रान विकायला काढतो.

अहो, कसली मुलाखत? केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या. आपल्याकडे तलाठी, पोलीस शिपाई भरतीलाही मुलाखत नसते. हे भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं. निवड कशी होणार, तो परिच्छेद वाचला असता तर एजंटाला दारातूनच हाकलता आलं असतं.

खासगीतही तोच धंदा. ऑफर लेटर आधी, मग लॅपटॉपचं डिपॉझिट, मग ट्रेनिंगची फी. पगार देणारा तुमच्याकडे पैसे का मागेल?

ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, तोही लगेच. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखले तरच हाती लागतात.