आमच्या पाटीला वाढदिवसाच्या फ्लेक्सचा दर्जा मिळणेबाबत

प्रति,
मा. उपायुक्त,
आकाशचिन्ह व परवाना विभाग,
महानगरपालिका, मुख्य इमारत.

विषय : पिठाच्या गिरणीच्या पाटीस वाढदिवसाच्या फ्लेक्सचा दर्जा देऊन सर्व नियमांतून मुक्त करणेबाबत.

संदर्भ : 1) आपल्या विभागाची नोटीस. 2) गिरणीसमोरचा चौक.

महोदय,

आपली नोटीस पोचली. गिरणीच्या पाटीवर आम्ही दोन एलईडी नळ्या लावल्या, त्यामुळे ती 'प्रकाशित जाहिरात' झाली, प्रकाशित जाहिरातीला परवानगी लागते आणि ती आमच्याकडे नाही, असे आपण कळवले आहे. दळणाचे डबे रांगेला लागले की मला बसून वाचायला वेळ मिळतो, तेव्हा मी कायदाच काढून पाहिला. मुंबईसाठी 1888 चा अधिनियम, कलम 328 आणि 328-अ. बाकीच्या महापालिकांसाठी 1949 चा, कलम 244 आणि 245. आपल्याच जागेत चाललेल्या धंद्याची साधी पाटी लावायला कोणाला विचारावे लागत नाही. तिच्यावर दिवा लागला की मात्र विचारावे लागते. म्हणजे अंधारात होतो तोवर आम्ही कायदेशीर होतो. आपले बरोबर आहे, आमचे चुकले.

कायदा केवढ्या बारकाईने लिहिलाय, हे मला या निमित्ताने कळले. रस्त्यावरून पाहताना आकाशाच्या पार्श्वभूमीवर जे जे दिसेल ते आकाशचिन्ह. त्यात खांबावरची, चौकटीवरची अक्षरे आली, जाहिरातीसाठी सोडलेला फुगा आला, हवाई छत्रीसुद्धा आली. शंभर वर्षांपूर्वी कोणी पॅराशूट घेऊन आमच्या गल्लीवर साबणाची जाहिरात करू लागला असता, तर त्यालाही नोटीस गेली असती. एवढी दूरदृष्टी असलेल्या विभागाच्या नजरेतून आमच्या दोन नळ्या सुटणे शक्यच नव्हते.

नोटिशीप्रमाणे नळ्या काढायला मी शिडी लावली आणि वर चढल्यावर समोरचा फलक पहिल्यांदाच नीट पाहिला. एरवी तो इतका मोठा आहे की खालून पूर्ण दिसतच नाही. आमच्या प्रभागातल्या दादांचा वाढदिवस. उंची दोन मजल्यांची असावी. बांबूंचा सांगाडा, एक बाजू सुतळीने महापालिकेच्या दिव्याच्या खांबाला बांधलेली, दुसरी बाजू महापालिकेच्याच गुलमोहराला खिळ्यांनी ठोकलेली. मागे सिग्नल आहे. 'पुढे एकेरी मार्ग' ही पाटीही तिथेच कुठेतरी आहे, असे जुने रहिवासी सांगतात. आणि साहेब, त्या फलकावर चार हॅलोजन होते, पेटलेले. तारा कुठून आल्या आहेत ते मी पाहिले, पण लिहीत नाही. दादांचा माझ्यावर लोभ आहे, तो राहू द्यावा.

तेव्हा शिडीवरच मला सुचले की आपण उगाच परवान्याच्या मागे लागलो आहोत. परवाना कोणाला लागतो? जो मागायला येतो त्याला. अर्ज केला की मोजमाप आले, नकाशा आला, जागामालकाचा ना-हरकत दाखला आला, स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा दाखला आला, शुल्क आले. आता जाहिरातीवरचा कर ही नोंद जीएसटीच्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतूनच गेली, असे कोणीतरी सांगितले म्हणून मी आनंदाने चौकशी केली, तर कर गेला असला तरी शुल्क आहे, असे कळले. वाढदिवसाच्या फलकाला यातले काहीच लागत नाही. तो रात्री उगवतो. सकाळी लोक दूध आणायला निघतात तेव्हा दादा हात जोडून उभे असतात.

म्हणून विनंती अशी की आमच्या पाटीचे रूपांतर फ्लेक्समध्ये करण्यास मान्यता द्यावी. नवीन मजकुराचा मसुदा मी तयार केला आहे. मध्यभागी मी, पांढरे कपडे, काळा गॉगल. गळ्यातली साखळी भाचा कॉम्प्युटरवर घालून देणार आहे. नावाआधी 'दळणसम्राट', नावानंतर 'भावी नगरसेवक'. हे दुसरे बिरुद मी विचारपूर्वक निवडले आहे. 2022 च्या मार्चपासून राज्यातल्या किती तरी महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले आणि निवडणुका लांबतच गेल्या. त्या काळात जो भावी होता तो वर्षानुवर्षे भावीच राहिला, फलक मात्र एकदाही उतरला नाही. इतके टिकाऊ पद दुसरे नसावे.

वरच्या ओळीत महापुरुष. याबाबत मला थोडा खुलासा हवा आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीहून लहान नसावे, हे 2022 च्या दुरुस्तीने ठरले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत देऊन ते मार्गी लावले. आमची पाटी आजोबांच्या काळापासून मराठीतच आहे, त्यामुळे आम्हाला त्रास झाला नाही. त्याच दुरुस्तीत आहे की जिथे मद्य विकले जाते त्या दुकानाला महापुरुषांचे किंवा गडकिल्ल्यांचे नाव देता येणार नाही. उत्तम नियम. फ्लेक्सला मात्र असा काही नियम दिसला नाही. तिथे महापुरुष वरच्या कोपऱ्यात पासपोर्ट आकारात, दादा त्यांच्या वीसपट, आणि 'हार्दिक'मधला 'दि' कायम दीर्घ. माझ्या मसुद्यात मी तो दीर्घच ठेवला आहे, नाहीतर फलक खरा वाटणार नाही.

खाली शुभेच्छुक. प्रत्येकी एक चेहरा, प्रत्येकी एक टोपणनाव, आणि शेवटी 'समस्त मित्रपरिवार', म्हणजे ज्यांचे पैसे आले नाहीत ते. आमच्या गिरणीला तेवढे मित्र नाहीत, पण उधारी बाकी असलेली गिऱ्हाइके आहेत. त्यांचे फोटो टाकले तर वसुलीलाही मदत होईल.

आपण म्हणाल की फ्लेक्सलाही कायदा आहे. आहे ना, तोही वाचला. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, 1995. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार रुपये! 1995 मध्ये ती रक्कम जरा जड वाटली असेल. आज तेवढ्यात त्या फलकाचे बांबूसुद्धा येत नाहीत. ज्याच्या फायद्यासाठी फलक लागला तोही दोषी धरता येतो, पण आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपली संमती नव्हती, हे त्याने दाखवले की तो सुटला. आणि दादांना कसे ठाऊक असणार? स्वतःचा वाढदिवस, स्वतःचा फोटो, स्वतःच्या घरासमोरचा चौक; अशा गोष्टी थोर माणसाच्या ध्यानात राहत नाहीत. कार्यकर्ते प्रेमापोटी लावतात. मग गुन्हा नोंदवायचा झाला तर अनेकदा 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध' नोंदवला जातो, असे वाचनात येते. फलकावर चाळीस चेहरे, खाली नावे, काहींचे तर मोबाइल क्रमांकसुद्धा, आणि तरी अज्ञात. आमच्या पाटीवर फक्त 'प्रो.प्रा.' आणि आडनाव होते, तर नोटीस बरोबर घरपोच आली.

उच्च न्यायालयाचे काय, असेही आपण विचाराल. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची जनहित याचिका 2011 ची. 31 जानेवारी 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला आणि बेकायदा फलकांवर कारवाई कशी करायची, हे महापालिकांना सांगितले. राजकीय पक्षांनी न्यायालयात हमीपत्रे दिली की आमचे कार्यकर्ते असे फलक लावणार नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाला त्याच पक्षांना विचारावे लागले की हमी मोडल्याबद्दल तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये. एका अर्थी पक्षांनी शब्द पाळला म्हणायचा. फलक कार्यकर्ते लावतच नाहीत, ते अज्ञात व्यक्ती लावतात.

इथवर सगळे चेष्टेत चालले आहे, असे आपल्याला वाटेल. पण फ्लेक्सचा दर्जा मला हवा आहे तो आणखी एका कारणाने. आपले नियम आकाराबद्दल कडक आहेत. आमची पाटी आठ फूट बाय तीन फूट, पत्र्याची. मोठ्या होर्डिंगांसाठी मुंबईत महापालिकेची कमाल मर्यादा 40 फूट बाय 40 फूट. घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपाशेजारी जे उभे होते ते 120 फूट बाय 120 फूट. लांबी-रुंदी तिप्पट, म्हणजे वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ नऊपट. ते लपवलेले नव्हते, हमरस्त्यावर होते. लिम्का बुकात सर्वांत मोठे होर्डिंग म्हणून त्याची नोंद झाली होती. 13 मे 2024 च्या दुपारी धुळीचे वादळ आले आणि ते पेट्रोल पंपावर कोसळले. 17 माणसे गेली.

मग पहिला प्रश्न निघाला तो जमिनीचा. जमीन महापालिकेची नव्हती, रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली होती. त्यांनी परवानगी दिली होती, महापालिकेची घेतलेली नव्हती. पुण्यात 5 ऑक्टोबर 2018 ला जुन्या बाजाराजवळच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर सांगाडा पडून चार जण गेले. ती जमीन रेल्वेची होती, आणि सांगाडा काढण्याचे काम चालू असतानाच तो पडला. किवळ्याला 17 एप्रिल 2023 ला वादळी वाऱ्यात आडोशाला थांबलेल्या माणसांवर होर्डिंग पडून पाच जण गेले. ते अनधिकृत निघाले. अनधिकृत आहे हे आपल्याकडे नेहमी पडल्यावरच निघते.

रेल्वेबद्दल जुन्या कायद्यातले एक वाक्य मला फार आवडले. रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजापुरता फलक रेल्वेच्या जागेत असेल तर तो आकाशचिन्ह धरायचा नाही, पण तो अशा रीतीने लावलेला हवा की रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाही. ज्या कोणी हे लिहिले त्याला मूळ गोष्ट कळलेली होती. जमीन कोणाची याला महत्त्व कमी, पडणार कोणावर याला जास्त. पुढच्या माणसांनी सवलत लक्षात ठेवली आणि अट विसरून गेले. 1989 च्या रेल्वे अधिनियमात तर रेल्वेच्या जागेतल्या जाहिरातींवर स्थानिक संस्थेचा कर लागू नये, अशी वेगळी तरतूद आहे. हद्दीची रेघ अशी जमिनीवर अगदी स्पष्ट आखलेली असते. सांगाडा आडवा होताना ती कशी ओलांडतो, याचा विचार कुठल्याच कार्यालयाच्या टेबलावर नसतो.

घाटकोपरनंतर निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली, तपासण्या झाल्या, बरेच सांगाडे उतरवलेही गेले. आपल्या लोकांनीही त्या उन्हाळ्यात काम केले, हे मी पाहिले आहे. गाडी आली, गॅस कटर आला, वाहतूक थांबली. पण उत्साह दोन पावसाळेही टिकत नाही, आणि गाडी परत यायला लागते ती आमच्यासारख्यांकडे, कारण आमच्याकडे यायला शिडी पुरते.

आमच्या पाटीचे वजन दोन माणसे उचलतील एवढे. पडलीच तर माझ्याच डोक्यावर पडेल. तिला इतके कागद लागतात, आणि दोन मजली कापड चार बांबूंवर, वर्दळीच्या चौकात, पाया नसताना, कोणाच्याही सहीशिवाय उभे राहते. वाऱ्याने कापड फुगले की बांबू वाकतात. मी रोज गिरणीच्या दारातून पाहतो. त्याच्याखाली शाळेच्या रिक्षा थांबतात.

मुख्य अर्जावर निर्णय व्हायला वेळ लागेल, याची मला कल्पना आहे. फाइल विधी विभागाकडे जाईल, तिथून अतिक्रमण विभागाकडे, आणि दादांचा पुढचा वाढदिवस येऊन जाईल. माझी घाई नाही. पण तोवर एक किरकोळ काम करावे. वळीव सुरू व्हायच्या आत शहरातला प्रत्येक सांगाडा इंजिनिअर पाठवून तपासा. परवान्याचा, बिनपरवान्याचा, धंद्याचा, वाढदिवसाचा, श्रद्धांजलीचा, सगळे. जमीन रेल्वेची की पोलिसांची की खासगी, हे नंतर विचारा. आणि तपासल्याची तारीख व तपासणाऱ्याचे नाव त्याच खांबावर, खाली उभ्या राहिलेल्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या मराठी अक्षरांत रंगवा. या एका पाटीला परवानगी लागलीच तर ती देणारे आपणच आहात.

कळावे,
आपला विश्वासू,
एक गिरणीवाला
(परवान्याचा अर्ज प्रलंबित)