मेहुण्याची वास्तुशांत

आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट १९९१ सालची. ती पेनड्राइव्हवर घ्यायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं, की कॅसेट आहे, पेनड्राइव्ह आहे, मधलं यंत्रच नाही. नवं मिळण्याचा प्रश्न नव्हता. फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि तो विषय संपला. राहिला पुण्याचा जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरणारा.

जुन्या व्हीसीआरची गोम अशी, की खूप वापरलेला घ्यावा तर हेड झिजलेलं आणि न वापरलेला घ्यावा तर आतलं रबर वाळलेलं. फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते आणि तिला चिकटून हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो. हा सगळा संसार दोन-चार बारीक बेल्ट आणि पिंच रोलर नावाचं रबरी चाक यांच्या जिवावर चालतो. शोकेसमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली वीस वर्षं झाकून ठेवलेला व्हीसीआर दिसतो कोरा करकरीत, पण कॅसेट घातली की चावून खातो.

पहिल्या विक्रेत्यानं वायर खुपसली आणि म्हणाला, “लाइट लागतोय बघा, साहेब.” लाइट आमच्या जिन्यातही लागतो. दुसऱ्यानं व्हीसीपी पुढे केला. त्यात रेकॉर्डिंग होत नाही, कॅसेट फक्त दिसते. माझ्या कामाला तेवढं पुरेसं होतं. पण त्या यंत्राचं पूर्वायुष्य मला माहीत होतं. आमच्या चाळीत गणपतीत भाड्यानं यायचा तो हाच. एका रात्रीत तीन सिनेमे, पहाटे वरून हात लावला तर चटका. मध्येच चित्रावर मुंग्या आल्या की सोबतचा पोरगा झाकण उघडून दोनच्या कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा आणि नोट खिशात घालायचा. नोट आमची असायची.

शेवटी एका घरातून निघालेला, चार हेडचा, मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं असलेला व्हीसीआर मी हेरला. “पुढच्या रविवारी कॅसेट लावून बघतो,” असं विक्रेत्याला सांगून घरी आलो आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. अनोळखी यंत्रात आपली लाडकी कॅसेट पहिल्यांदा घालायची नसते. गेली तर हळहळ वाटणार नाही अशी एक न्यायची.

मी सगळ्या कॅसेटी जमिनीवर मांडल्या. मुलाचा पहिला वाढदिवस बाद. अमेरिकेहून मावशीनं पाठवलेली तिकडच्या एनटीएससी पद्धतीची, इकडच्या पाल यंत्रावर तिच्यातली माणसं नुसती वरखाली लोळतात. एक हिंदी सिनेमा होता, व्हिडिओ लायब्ररीतून आणलेला.

“ती नको,” बायको म्हणाली. “दुसऱ्याची वस्तू आहे, परत करायचीय.”

लायब्ररी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती.

“मग ही?” मी शेवटची उचलली. पूर्ण तीन तासांची. त्यातली चाळीस मिनिटं पंगतीत जिलबी वाढण्याची.

“अहो, दादाची वास्तुशांत टाकाऊ आहे?”

“टाकाऊ कोण म्हणतंय? फक्त चाचणीसाठी.”

“मग आपल्या लग्नाची न्या चाचणीला.”

या वाक्याला उत्तर नसतं. रविवारी मेहुण्याची वास्तुशांत भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली लपवून मी घराबाहेर पडलो.

बाजारात विक्रेत्यानं छोटा टीव्ही जोडला. चित्र असं लख्ख, की मेहुण्याच्या सोवळ्याची किनार मोजून घ्यावी. पुढे पळवली, मागे पळवली, कुठे अडली नाही. बावीसशेला सौदा झाला.

घरी संगणकाला जोडून रंगीत तालीम म्हणून वास्तुशांतच आधी उतरवली. या कामात आडवाट नाही, तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. बायको बाहेरून आली तेव्हा पडद्यावर जिलबीची दुसरी फेरी चालू होती. मी सबब शोधत होतो, तोवर तीच म्हणाली, “पहिलं दादाचं केलंत हो!” आणि त्या रात्री मला शिरा मिळाला.

दुसऱ्या दिवशी आमचं लग्न. ही कॅसेट पाच पावसाळे रत्नागिरीच्या कपाटात राहिलेली. तिच्या खिडकीतून फितीवर पांढरं काहीतरी दिसत होतं. बुरशीची फीत यंत्रात घालू नये, हे मी वाचलेलं होतं. पण मुंडावळ्या बघायच्या घाईत मी ती अक्षत समजलो. हॅलोजनच्या झोतात घामेजलेला, भरपूर केसांचा मी अकरा सेकंद दिसलो आणि मग पडद्यावर हिमालय. बुरशी हेडवर जाऊन बसली. त्यानंतर कुठलीही कॅसेट लावा, मुंग्याच. आता पुसायला दोनची कोरी नोटही मिळत नाही.

मेहुण्यानं वास्तुशांत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आहे. आजवर तीनदा.

कुणाकडे चालू व्हीसीआर असेल तर कळवा, लग्नाची फीत तोवर साफ करून घेतो. चाचणीची कॅसेट मात्र तुमची तुम्ही आणा. आमची मेहुण्यानं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे.