जिवंत साठा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्या जिल्ह्यात कुणीही छाती काढून सांगतं. पुरावा मागितला की ‘चला, चहा घेऊ’ म्हणून विषय मिटवतं. मला मात्र अलीकडं एक पुरावा सापडलाय. जर्मन सरकारनं २००६ साली ‘बहुपिढी घरं’ नावाची योजना सुरू केली. म्हातारी माणसं, तरणीताठी आणि लेकरंबाळं एका छपराखाली यावीत, चहा प्यावा, गप्पा माराव्यात, एकमेकांच्या उपयोगी पडावं, एवढाच हेतू. आज तिथं अशी पाचशेच्या वर घरं आहेत आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. आमच्या येलदरीत हेच काम गावचा पार करतो. अनुदान नाही, समन्वयक नाही, नोंदवही नाही. तरी हजेरी पक्की. कुणी दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी अख्खा पार त्याच्या घरी चौकशीला जातो, आणि तो ठणठणीत निघाला तर जरासा नाराज होऊन परत येतो.

पुण्या-मुंबईकडं यासाठी विरंगुळा केंद्रं असतात. तिकडं ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्या संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ १९८० पासून आहे, बागेच्या कोपऱ्यात महापालिकेनं बांधून दिलेली खोली आहे, कॅरम आहे, हास्यक्लब आहे. आमच्या एका पाहुण्यांच्या केंद्रात तर भिंतीवर पाटी आहे : ‘येथे राजकारणावर चर्चा करू नये.’ ही पाटी आमच्या पारावर लावली तर खाली फक्त कुत्रं उरेल. हास्यक्लबाचंही तेच. सकाळी सकाळी रांगेत उभं राहून, हात वर करून हसायचं, हे आमच्याकडं कुणाच्या गळी उतरत नाही. आमच्या लोकांना हसायला निमित्त लागतं, आणि ते निमित्त बहुधा शेजारीच बसलेलं असतं.

येलदरीच्या पाराला एक घरचा विषय आहे, तो पुण्याच्या केंद्राला नाही : पूर्णा नदीवरचं धरण. ते १९६८ साली पूर्ण झालं. त्या कामावर ज्यांनी पोरवयात मातीची पाटी उचलली, ते आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेत. एकूण साठवण ९३४ दशलक्ष घनमीटर, दरवाजे १०, पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचं वीजघर, हे सगळं पारावर तोंडपाठ. जुलै लागला की एकच प्रश्न : ‘जिवंत साठा किती झाला?’ तळाचं, वापरता न येणारं पाणी तो मृतसाठा. त्याच्यावर चढेल तो जिवंत. टक्केवारी नातवाच्या मोबाइलवर रोज सकाळी येते. पण मोबाइलवर भरवसा ठेवणं पाराच्या तत्त्वात बसत नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा रोज धरणापर्यंत चालत जातात, दगडावरची ओलीची रेघ बघतात आणि परत येतात. मग चपला काढून, मांडी घालून, तंबाखू मळून, चिमूट दाढेखाली गेल्यावरच निकाल देतात : ‘दोन बोटं चढलं.’

मोबाइल म्हणतो अर्धा टक्का. पारावरचे गुरुजी दोन बोटांचा आणि अर्ध्या टक्क्याचा हिशेब मांडून बघतात, तो जुळत नाही, आणि दोष बुलढाण्याला जातो. वर बुलढाणा जिल्ह्यात देऊळगावराजाकडं खडकपूर्णा धरण झाल्यापासून येलदरीला पाणी उशिरा येतं, हे खरंच आहे. पण आमच्या पारावर सुनेनं चहात साखर कमी टाकली तरी गुन्हा खडकपूर्णावर नोंदला जातो.

शहरात ‘रोज चालत जा’ हे सांगायला डॉक्टर फी घेतो. अण्णांना कुणी तब्येतीसाठी चाला म्हटलं असतं, तर ते ओट्यावरून हलले नसते. पाणी बघायला जातात, म्हणून गुडघे चालतायत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली माणसांच्या एकटेपणावर आयोग नेमला. तो आयोग आठवडाभर आमच्याकडं उतरला असता, तर अण्णांनी त्याला एका वाक्यात उरकलं असतं. म्हाताऱ्या माणसाला करमणूक नको असते, कामगिरी लागते.

हे झालं बाप्यांचं. पारावर बाई नाही. माझ्या आत्याला एकदा म्हटलं, ‘तू बी बसत जा की.’ ती म्हणाली, ‘तुमचा पार तुमालाच लखलाभ. आमी बसलो की म्हणतेत, म्हातारीला घरात कुणी इचारीत न्हाई.’ बायकांसाठी संध्याकाळचा हरिपाठ, कार्तिकातला काकडा आणि उन्हाळ्यात कुरडयांचा घाट. त्यातही हात चालू ठेवावे लागतात; नुसतं बसायची सोय कुठंच नाही.

ती सोय अखेर सरकारनं केली, आणि तीही नकळत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. पासष्ट ते पंच्याहत्तरला अर्धं तिकीट होतंच. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं झालं. त्या दिवसापासून महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं विरंगुळा केंद्र चाकावर फिरतंय, आणि त्याची एक शाखा येलदरी-जिंतूर रस्त्यावर आहे.

वयाचा सगळा कारभारच त्यानं उलटा झाला. पूर्वी बाई वय चोरायची, आता वाढवून सांगते. आमच्याकडं जन्मतारखा अशाही ढोबळच. शाळेत गेलेल्यांचा जन्म १ जूनचा, कारण त्या काळचे हेडमास्तर तीच तारीख टाकायचे. शाळेत न गेलेल्यांचा १ जानेवारीचा, कारण आधारवाल्यांना तीच सोपी. आत्या मात्र स्वतःची तारीख सांगते : ‘रझाकार गावात आले तवा मी पाळण्यात व्हते.’ हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, म्हणजे हिशेब पक्का. पण कंडक्टर इतिहास मानत नाही, आधार मागतो. आधारावर ती पंच्याहत्तरची झाली, तेव्हा घरात पेढे वाटले.

आता ती बाजाराला जाते, दवाखान्याला जाते, आणि कधी नुसतीच जाते. ‘काहून चाललीस जिंतूरला?’ विचारलं तर म्हणते, ‘काम असलंच पायजे का? तुमी पारावर काय धरण बांधायला बसता का?’ पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि शून्य रुपयांची जुनी तिकिटं, चार घड्या घालून. बसमध्ये खिडकी एक आणि आज्या तीन असतात; वाद होतो, मिटतो, मग चटणी फिरते. जिंतूरच्या स्टँडवर चार गावच्या आज्या भेटतात. कुणाची सून नांदते, कुणाची सोयरीक अडली, कुणाचा गुडघा कोणत्या तेलानं वळला, सगळं तिथंच कळतं. दोन लग्नं त्या बाकड्यावर जमल्याचं आत्या सांगते; तिसऱ्याची बोलणी चालू आहेत, म्हणून पुढच्या बाजारालाही जाणं भाग आहे.

एवढी फिरती बाई. पण म्हातारपणाच्या सरकारी अनुदानासाठी हयात असल्याचं दाखवायची वेळ आली की खिडकीवरचं यंत्र तिला ओळखत नाही. जन्मभर निंदण-खुरपण करून अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यात. अंगठा पदराला पुसला, धुतला, पुन्हा दाबला. यंत्र नाहीच म्हणतं. खिडकीमागचा पोरगा म्हणाला, ‘आजी, जुळत नाही.’ आत्या म्हणाली, ‘त्येला म्हणावं, जिंतूरच्या बसमदी ये, वळख पटवते.’

म्हणून ग्रामपंचायतीला एवढंच सांगणं आहे. कॅरम, हास्यक्लब, उद्घाटनाची फीत नको. पाराच्या पायऱ्यांना धरायला लोखंडी नळी बसवा. थांब्यावर सावली करा आणि पाठ टेकवता येईल असं बाकडं टाका, म्हणजे बायका बसायला आपण होऊन येतील. जवळ एक स्वच्छ संडास बांधा, त्याला आतून कडी आणि बाहेर पाणी असू द्या. नाही तर म्हाताऱ्या बायका घराबाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आणि एसटी वेळेवर सोडा, असं आगाराला एक पत्र टाका. धरणाचा जिवंत साठा खडकपूर्णाच्या हाती असेल. गावातल्या माणसांचा आपल्याच हाती आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडतोय. सूचक मी आहे, अनुमोदक पाहिजे.